एकशे चव्वेचाळीस व्होल्ट

रविवारी नऊला, एकलहऱ्याच्या फाटकापलीकडच्या शेडमध्ये
आम्ही सहाजण जमतो. कधी चारच.
डब्यावरचा क्रमांक पुसला गेलाय,
म्हणून तिला नुसतं गाडी म्हणतो;
दावणीला एकच म्हैस असली
की तिला नाव लागत नाही, तसं.

पगारे मोटरीखाली उताणे झोपतात.
एकतीस वर्षं वाइंडिंग केलेल्या बोटांनी
कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक
करवतीच्या मोडक्या पात्यानं खरवडतात,
दातांत अडकलेलं काढावं तसं, तोंडानं स्स करत.
फ्लोरा मस्कारेन्हास देवळालीहून स्कूटरवर येते,
सागवानी खिडक्यांना लाखेचा हात देते,
आणि ओल्या चौकटीला कुणी बोट लावलं
तर कोकणीत जे काही म्हणते
ते आम्ही अजून कुणाला विचारलेलं नाही.

मी नोटांच्या छापखान्यात होते.
अडतीस वर्षं एकच काम: चूक शोधायची.
सरकलेली रेघ, पुसट आकडा, शाईचा फुगलेला थेंब.
पहिल्या रविवारी मी गाडीभोवती फिरून
वहीत लिहायला लागले, तर पगारे खालून म्हणाले,
ताई, बरोबर काय आहे तेवढं लिहा,
लवकर उरकेल.

मला रंग खरवडायला दिला.
हिरव्याखाली चॉकलेटी, चॉकलेटीखाली पिवळट,
त्याखाली शेंदरी अस्तर
आणि दाराच्या कडेला, त्या अस्तरातच,
कुणा रंगाऱ्याचा अंगठा.
ओल्या रंगात टेकला, वाळला, झाकला गेला.
छापखान्यात असता
तर मी अख्खा ताव रद्द केला असता.
इथं खडूनं गोल केला भोवती
आणि बाजूला लिहिलं: याला पॉलिश पेपर लावू नये.

ही घाटाखालच्या विजेची गाडी.
पंधराशे व्होल्ट, डीसी.
इगतपुरीपुढं तिची वीज कधी आलीच नाही;
इथवर तिला दुसऱ्याच इंजिनानं ओढून आणलं.
शेडबाहेरच्या तारेत पंचवीस हजार सळसळतात,
ते तिच्या कामाचे नाहीत.
अन्वर खतीबच्या पोरानं एकदा विचारलं,
मग चालणारच नाही, तर कशाला?
पगारे म्हणाले, अठराचा पाना दे.

माघात अन्वरनं बॅटऱ्या जमवल्या.
ओझर, सुकेणे, पिंपळगाव,
द्राक्षबागांच्या ट्रॅक्टरांतून उपसलेल्या बारा.
अट एकच: चारला फवारणी आहे, तोवर परत.
बारा बारे एकशे चव्वेचाळीस.
पगाऱ्यांनी पाढा मोठ्यानं म्हटला,
मग केबल घट्ट करून पुन्हा म्हटला.

हँडल कोण धरणार, यावर थोडा वेळ गेला.
त्याला दाबूनच ठेवावं लागतं;
हात सुटला की गाडी थांबते,
चालवणारा बसल्या जागी गेला तरी
माणसं वाचावीत म्हणून.
पगाऱ्यांनी जन्मभर मोटरी बांधल्या,
चालवली एकही नाही.
त्यांच्या उजव्या हाताला गेल्या वर्षापासून कंप आहे.
त्यांनी डावा त्याच्यावर ठेवला.

आधी काहीच नाही.
मग खाली कुठंतरी एक खट्,
दिवा पिवळा पडला,
आणि फ्लोरा ओरडली, कारण तिच्या पायापुढची फरशी
मागं जायला लागली होती.

चौदा फूट तीन इंच.
टेप मी धरली होती.
पुढं लाकडी ओंडका होता, त्याआधी पगाऱ्यांनी हात उचलले,
दोन्ही एकदम, गरम तव्यावरून उचलावेत तसे,
आणि बराच वेळ ते तसेच अधांतरी होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
अन्वर बॅटऱ्या सोडवायला लागला.
मी मागं गेले, जिथं ती अकरा वर्षं उभी होती.
रूळ गंजलेले, आणि गंजात
प्रत्येक चाकाखालची रुपयाएवढी जागा
कोरी, चकचकीत.
सवयीनं मोजल्या. आठ.
सवयीनं पुन्हा मोजल्या.

साडेतीन झाले, फ्लोरा म्हणाली,
सुकेण्याचा फोन येऊन गेलाय.